मिठाचा ताण ओसरला, तरी लॅकझेडचा आकडा खाली का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संशोधक विद्यार्थिनीने सॅकरोमायसीस सेरेव्हिसी या यीस्टमधील एचएसपी१२ या जनुकाचा प्रमोटर (जनुक चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा) लॅकझेड या रिपोर्टर जनुकाला (ज्याचे प्रथिन सहज मोजता येते अशा जनुकाला) जोडला, ती जोडणी २-मायक्रॉन प्लास्मिडवर (पेशीत अनेक प्रतींत राहणाऱ्या डीएनएच्या कड्यावर) ठेवली आणि पेशींना ०.४ मोलर मिठाचा ताण दिला. तासाभरात लॅकझेडपासून बनणाऱ्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराची (एन्झाइमची) एकके सहापट झाली, पण तीन तासांनंतरही ती खाली उतरली नाहीत. हा प्रतिसाद क्षणिक असतो असे मात्र सगळीकडे लिहिलेले आहे. शिवाय मीठ घालण्यापूर्वीचा आकडा प्रत्येक प्रयोगात दुपटी-तिपटीने वेगळा येतो. तेव्हा लॅकझेड सोडून जीएफपी हे हिरवे चकाकणारे प्रथिन वापरावे का, असे ती विचारते.

जीएफपी वापरल्याने या दोन्ही अडचणींपैकी एकही सुटणार नाही, हे आधीच सांगतो. दोन्हींचे मूळ एकच आहे: रिपोर्टर प्रथिन पेशीत साठून राहते, आणि तुम्ही मोजता तो हा साठा, जनुक या क्षणी किती वेगाने चालू आहे, हे त्या आकड्यात थेट दिसत नाही. टाकीत पाणी किती आहे ते पाहून नळ चालू आहे की बंद, हे ठरवता येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

बीटा-गॅलॅक्टोसिडेज यीस्टच्या पेशीत किती काळ टिकते, याचे उत्तर फार पूर्वी मिळाले आहे आणि ते एका वेगळ्याच कामातून मिळाले. अलेक्झांडर वर्शाव्स्की यांच्या गटाने १९८६ साली याच प्रथिनाच्या सुरुवातीला निरनिराळी अमिनो आम्ले येतील अशा जोडण्या यीस्टमध्ये घातल्या, तेव्हा सुरुवातीला आर्जिनिन असलेल्या प्रथिनाचे अर्धायुष्य दोन-तीन मिनिटांवर आले, तर नेहमीप्रमाणे मेथिओनिनने सुरू होणारे प्रथिन २० तासांहून अधिक टिकले. तुमचे लॅकझेड या दुसऱ्या प्रकारचे आहे. म्हणजे एचएसपी१२ चा प्रमोटर मीठ घातल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा शांत झाला असला, तरी तेवढ्या वेळात तयार झालेले विकर त्या दिवसाच्या प्रयोगात कोठेही जाणार नाही. ते विरळ होण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे पेशींची वाढ. एका पेशीच्या दोन झाल्या की प्रत्येकीच्या वाट्याला निम्मे येते.

म्हणूनच तुमच्या प्रश्नात जी संख्या दिलेली नाही तीच मला सर्वांत आधी हवी आहे: मीठ घातल्यानंतर प्रत्येक वेळी ओडी (कल्चरची, म्हणजे पेशी वाढत असलेल्या द्रवाची गढूळता; पेशींच्या दाटीचे माप) किती होता? समजा, ९० मिनिटांनी प्रति-ओडी एकके २६० होती आणि ओडी ०.५ होता. तीन तासांनंतर, म्हणजे २७० व्या मिनिटाला, एकके पुन्हा २६० च आली. आता जर ओडी अजूनही ०.५ च्या आसपास असेल, म्हणजे पेशी वाढल्याच नसतील, तर या तीन तासांत नवे विकर जवळजवळ तयार झालेले नाही. प्रतिसाद खरोखर क्षणिक होता आणि तुमच्या आकड्यांचा पुस्तकाशी काहीही विरोध नाही. पण ओडी १.० झाला असेल, तर एक मिलिलिटर कल्चरमधील एकूण विकर दुप्पट झाले आहे, आणि प्रमोटर तीन तास चालू राहिल्याशिवाय हे घडणार नाही. प्रमोटर पूर्ण बंद झाला असता, तर आकडा १३० वर यायला हवा होता. आलेखावर दोन्ही वेळा रेष सपाटच दिसते, परंतु तिचे अर्थ एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

उपाय नवा नाही. एकके ओडीने न भागता, एक मिलिलिटर कल्चरमध्ये एकूण किती विकर आहे ते उभ्या अक्षावर घ्यावे आणि आडव्या अक्षावर वेळेऐवजी ओडी घ्यावा. या रेषेचा चढ म्हणजे नव्याने तयार झालेल्या पेशीद्रव्यामागे किती विकर तयार झाले, याचे माप. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत जाक मोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ई. कोलायमधील याच विकरासाठी हीच मांडणी वापरली होती. अडचण एवढीच की मीठ घातल्यावर पहिला काही काळ यीस्टची वाढ थबकते, त्या अवधीत ओडी हलतच नाही आणि रेष सरळ उभी जाते. तेवढ्या भागासाठी वेळेचाच अक्ष ठेवावा. मिठाने पेशी आक्रसतात आणि प्रकाशाचे विकिरण बदलते, त्यामुळे पेशींची संख्या तीच असूनही ओडी बदललेला दिसतो, हेही ध्यानात ठेवावे. मी अशा प्रयोगांत ओडीवर विसंबत नाही; पेशी फोडून ब्रॅडफर्ड पद्धतीने एकूण प्रथिन मोजतो आणि त्यामागे विकराची क्रिया काढतो.

आता दुसरी अडचण, पायाभूत आकड्याची. माझ्या मते ती पहिल्या अडचणीपेक्षा महत्त्वाची आहे, कारण "सहापट" हा तुमचा निष्कर्ष त्या आकड्याने भागूनच आलेला आहे.

एचएसपी१२ केवळ मिठाला प्रतिसाद देत नाही. त्याच्या प्रमोटरमध्ये एजीजीजीजी हा पाच अक्षरांचा क्रम, ज्याला आपण स्ट्रे म्हणतो, अनेकदा येतो; त्यावर एमएसएन२ आणि एमएसएन४ ही प्रथिने बसतात, आणि ग्लुकोज संपत आले, तापमान वाढले, ऑक्सिडीकारक ताण आला, की ती केंद्रकात शिरतात. रात्रभर वाढवून गच्च झालेल्या कल्चरमध्ये ग्लुकोज संपलेले असते आणि एचएसपी१२ जोरात चालू असते. तुम्ही सकाळी त्यातले थोडे कल्चर घेऊन ओडी ०.१ करता, ०.४ पर्यंत वाढवता आणि मीठ घालता. ०.१ ते ०.४ म्हणजे दोनच पिढ्या. रात्री साठलेल्या विकराचा चौथा हिस्सा मीठ घालण्याच्या क्षणीही पेशीत शिल्लक आहे, आणि रात्रीचे कल्चर आठ वाजता काढले की अकरा वाजता, यावर तो हिस्सा ठरतो. तुमच्या "शून्य मिनिटांच्या" आकड्यात खरे पाहता आदल्या रात्रीचा ताण मोजला जात आहे.

पाच पिढ्या वाढू दिल्या तर बत्तिसावा हिस्सा उरतो, सात पिढ्यांनी शंभरावा हिस्साही उरत नाही. म्हणून प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी कल्चर असे विरळ करावे की सकाळी येताना ते ०.२ ते ०.४ च्या दरम्यान, लॉग फेजमध्येच (पेशी ठरावीक वेगाने दुप्पट होत असतानाच) सापडेल. मधल्या काळात ते एकदाही गच्च होता कामा नये. किती विरळ करायचे याचा अंदाज प्रत्येक स्ट्रेनसाठी (यीस्टच्या वाणासाठी) आणि प्रत्येक माध्यमासाठी दोन-तीन वेळा चुकल्यावरच येतो. वायपीडी या समृद्ध माध्यमात ९० मिनिटांत दुप्पट होणारा स्ट्रेन युरॅसिल नसलेल्या संश्लेषित माध्यमात दोन तास किंवा अधिक घेतो, आणि प्लास्मिड टिकवण्यासाठी (ते नसलेल्या पेशी यात वाढत नाहीत) तुम्ही हेच माध्यम वापरत असणार.

हाताळणीतही ताण असतो. पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून मीठ असलेल्या नव्या माध्यमात मिसळण्याची पद्धत एचएसपी१२ साठी वाईट आहे, कारण या उलाढालीनेच प्रतिसाद चाळवतो. ५ मोलर मिठाचे द्रावण करून ठेवावे आणि हलत्या फ्लास्कमध्येच घालावे. १०० मिलिलिटर कल्चरमध्ये सुमारे ८.७ मिलिलिटर घातले की ०.४ मोलर होते. नियंत्रणासाठीच्या फ्लास्कमध्ये तेवढेच, त्याच तापमानाचे साधे माध्यम घालावे. आमच्या प्रयोगशाळेत एका मे महिन्यात सर्वांचेच पायाभूत आकडे चढले होते आणि आठवडाभर आम्ही माध्यमाला दोष देत होतो. शेकरला गरम करण्याची सोय होती, थंड करण्याची नव्हती. दुपारी खोलीच ३६ अंशांवर जात होती, आणि ३० अंशांवर वाढायच्या पेशी रोज दुपारी उष्णतेचा ताण सोसत होत्या. तापमापी फ्लास्कच्या शेजारी, पाण्याच्या भांड्यात ठेवावी. यंत्राच्या पडद्यावरील आकडा पाहून समाधान मानू नये.

प्लास्मिडविषयी माझे मत स्पष्ट आहे: या प्रश्नासाठी २-मायक्रॉन प्लास्मिड सोडून द्यावे. त्याच्या प्रती पेशीगणिक बदलतात, साधारण १० ते ४० च्या घरात, आणि निवडक माध्यमातही काही पेशी प्लास्मिडविनाच असतात. ताणामुळे वाढ मंदावली की प्रतींची सरासरीही सरकू शकते, आणि मग आकड्यातली वाढ प्रमोटरची की प्रतींची, हे सांगता येत नाही. शिवाय स्ट्रे असलेले प्रमोटर पेशीत डझनांनी आणून ठेवले, तर एमएसएन२ चे मर्यादित रेणू त्यांच्यावर वाटले जातात, आणि पेशीच्या स्वतःच्या जनुकांचा प्रतिसादच बदलण्याची शक्यता निर्माण होते. सेंट्रोमियर असलेले, पेशीत एक-दोन प्रतींतच राहणारे प्लास्मिड यापेक्षा बरे, पण एक प्रत गुणसूत्रात बसवणे सर्वांत चांगले. लिथियम ॲसिटेट पद्धतीने (डीएनए यीस्टमध्ये घालण्याच्या नेहमीच्या पद्धतीने) यूआरए३ या युरॅसिल बनवण्यासाठी लागणाऱ्या जनुकाच्या जागी बसवलेल्या जोडण्या कधीकधी एकापाठोपाठ दोन-तीन अशा बसतात. म्हणून चार-पाच कॉलनी घेऊन पीसीआरने एकच प्रत असल्याची खात्री करावी. गुणसूत्राच्या टोकाजवळ मात्र बसवू नये. डॅनियल गॉटश्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवले की टेलोमियरजवळ (म्हणजे या टोकाजवळ) ठेवलेले यूआरए३ किंवा एडीई२ (ॲडेनिन बनवण्यासाठी लागणारे जनुक) पेशींत कधी चालू, कधी बंद राहते. एडीई२ बंद असलेल्या पेशी लाल दिसतात, त्यामुळे त्याच्या बाबतीत तर एकाच कॉलनीत लाल आणि पांढरे पट्टे उमटतात.

जोडणी कोणत्या टप्प्यावर केली आहे, हेही तपासा. नुसता प्रमोटर घेतला असेल तर तुम्ही प्रतिलेखन, म्हणजे जनुकापासून एमआरएनए बनणे, मोजता. जनुकाच्या एमआरएनएचा सुरुवातीचा अभाषांतरित भाग आणि काही कोडॉनही घेतले असतील तर भाषांतराचे, म्हणजे एमआरएनएपासून प्रथिन बनण्याचे, नियंत्रणही त्यात मिसळते. हा भेद किरकोळ वाटत असेल तर यीस्टचे जीसीएन४ हे जनुक पाहावे. त्याच्या एमआरएनएच्या सुरुवातीला चार छोट्या वाचनचौकटी आहेत; अमिनो आम्लांची टंचाई झाली की एमआरएनए फारसा न वाढता प्रथिनाचे उत्पादन वाढते, आणि ॲलन हिनेबुश यांच्या गटाने हे उलगडताना जीसीएन४-लॅकझेड जोडण्यांमध्ये या चौकटींचे आरंभ-कोडॉन एकेक करून बदलले होते. तीच जोडणी कोणी "प्रमोटरची क्रिया" म्हणून मोजली असती, तर निष्कर्ष समूळ चुकला असता. तुमच्या बाबतीत याची आणखी एक बाजू आहे: तीव्र मीठताणात यीस्ट काही काळ एकूण भाषांतरच मंद करते, त्यामुळे एमआरएनए चढला तरी कोणतेही रिपोर्टर प्रथिन मागाहून चढते. म्हणून ०, १०, २०, ४०, ६० आणि १२० मिनिटांचे नमुने घेऊन स्वतः एचएसपी१२ च्या एमआरएनएचे एकदा तरी नॉर्दर्न किंवा आरटी-क्यूपीसीआर (एमआरएनए मोजण्याच्या पद्धती) करावे. त्याशिवाय "क्षणिक" हा शब्द वापरण्याचा अधिकार रिपोर्टर देत नाही.

आता जीएफपी. त्याचे खरे बलस्थान वेगळे आहे: ते एकेक पेशी दाखवते. लॅकझेडसाठी तुम्ही लाखो पेशी एकत्र फोडता, आणि आकडा निम्म्यावर आला तर सर्व पेशी निम्म्या चालू आहेत की निम्म्या पेशी पूर्ण चालू आणि उरलेल्या बंद आहेत, हे कळत नाही. मीठताणात हा प्रश्न काल्पनिक नाही. स्वित्झर्लंडमधील मातियास पेटर यांच्या गटाने २०११ साली एसटीएल१ या मीठताणात चालू होणाऱ्या जनुकाच्या प्रमोटरला फ्लुरोसंट प्रथिन जोडून पाहिले, तेव्हा मध्यम ताणात एकाच फ्लास्कमधील सारख्या जनुकांच्या पेशी दोन गटांत विभागलेल्या आढळल्या: काहींत प्रतिसाद भरपूर, काहींत अजिबात नाही. फ्लो सायटोमीटर (एकेका पेशीची चकाकी मोजणारे यंत्र) उपलब्ध असेल तर केवळ एवढ्यासाठी जीएफपीची जोडणी करणे योग्य ठरेल.

पण साठ्याची अडचण तीच राहते. यीस्टसाठी सुधारलेल्या जीएफपीचे अर्धायुष्य सुमारे सात तास आहे. सीएलएन२ या प्रथिनाचा पेस्ट हा, प्रथिन लवकर मोडायला लावणारा तुकडा त्याला जोडला की ते अर्ध्या तासाच्या आसपास येते आणि उतार दिसू लागतो, मात्र चकाकीही त्याच प्रमाणात मंदावते आणि दुबळा प्रमोटर पार्श्वभूमीत हरवतो. एचएसपी१२ दुबळे नाही, त्यामुळे तुम्हाला हा सौदा परवडेल. जीएफपीचा रंगकण तयार होण्यास ऑक्सिजन आणि काही मिनिटांचा अवधी लागतो, हे दाट किंवा न हलवलेल्या कल्चरमध्ये विसरू नये.

आणि स्ट्रेन कोणता आहे ते पाहा. डब्ल्यू३०३ वर्गातील अनेक स्ट्रेनमध्ये एडीई२ बिघडलेले असते; ॲडेनिन कमी पडले की पेशीत लाल रंगद्रव्य साठते आणि ते स्वतःच चकाकते. प्लेटवर कॉलनी गुलाबी दिसू लागल्या असतील तर तो स्ट्रेन सायटोमीटरकडे नेण्यापूर्वी माध्यमात जादा ॲडेनिन घालावे. संश्लेषित माध्यमातील रायबोफ्लेविनही हिरव्या पट्ट्यात चकाकते; सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे असेल तर ते नसलेले माध्यम घ्यावे. जीएफपी नसलेला तोच स्ट्रेन, त्याच ताणात, त्याच वेळी मोजून वजा करणे हा नियम मी कोणालाही सोडू देत नाही.

लॅकझेडची बदनामी करण्याचा मात्र माझा हेतू नाही. लिओनार्ड ग्वारेंट आणि मार्क टाश्ने यांनी १९८१ साली ते यीस्टच्या सीवायसी१ या जनुकाला जोडले, तेव्हापासून प्रमोटरचा कोणता तुकडा आवश्यक आहे हे ठरवण्याचे काम त्याने इमानेइतबारे केले आहे. या यीस्टला स्वतःचे बीटा-गॅलॅक्टोसिडेज नाही, त्यामुळे पार्श्वभूमी जवळजवळ शून्य असते. आणि प्लेटवर हजारो कॉलनींमधून एक वेगळी कॉलनी उचलायची असेल तर एक्स-गॅल (या विकराने तोडल्यावर निळे होणारे रसायन) घातलेल्या प्लेटवरील निळ्या रंगाला तोड नाही. सॅन फ्रान्सिस्कोत पीटर वॉल्टर यांच्या आणि टेक्सासमध्ये काझुतोशी मोरी यांच्या कामातून आयआरई१ या, न घडी पडलेल्या प्रथिनांची खबर देणाऱ्या जनुकाचे कार्य १९९३ साली स्वतंत्रपणे उलगडले ते लॅकझेडच्याच साहाय्याने. न घडी पडलेल्या प्रथिनांचा ताण दिल्यावरही ज्या पेशींत रिपोर्टर चालू होत नाही, अशा पेशी त्यांनी हुडकल्या. अशा शोधात विकराचे टिकाऊपण दोष नसून सोयीचे असते, कारण रंग साठत जातो. एक्स-गॅलच्या प्लेटचे माध्यम फॉस्फेटने पीएच ७ जवळ आणलेले हवे, एवढे ध्यानात ठेवा. यीस्टचे नेहमीचे माध्यम आम्ल असते आणि त्यात निळा रंग नीट येत नाही.

द्रव चाचणीत बहुतेकांची चूक वेळेत होते. पेशी झेड बफरमध्ये (या चाचणीच्या नेहमीच्या द्रावणात) घेऊन क्लोरोफॉर्म आणि एसडीएसने सच्छिद्र केल्यावर ओएनपीजी (या विकराने तोडल्यावर पिवळे होणारे रसायन) घातले की पिवळा रंग येऊ लागतो. तो लिंबाच्या सालीइतका गडद होईपर्यंत थांबू नये. फिकट पिवळा दिसताच १ मोलर सोडियम कार्बोनेट घालून क्रिया थांबवावी, प्रत्येक नळीची मिनिटे स्वतंत्र लिहावीत, पेशींचा गाळ खाली बसवून वरचा नितळ द्रव ४२० नॅनोमीटरला वाचावा आणि वाचन ०.१ ते ०.८ च्या बाहेर गेले तर ती नळी सरळ टाकून देऊन कमी पेशी घेऊन पुन्हा करावी. एकके म्हणजे १००० गुणिले हे वाचन, भागिले मिनिटे, घेतलेले कल्चर मिलिलिटरमध्ये आणि त्याचा ओडी यांचा गुणाकार. नमुने गोळा करताना प्रत्येक नमुना लगेच बर्फावर आणि प्रथिननिर्मिती थांबवणाऱ्या सायक्लोहेक्झिमाइडमध्ये घ्यावा, नाहीतर शेवटचा नमुना येईपर्यंत पहिल्याच्या पेशी प्रथिन बनवत राहतात. झेड बफरमधील मर्कॅप्टोइथेनॉल त्याच दिवशी घालावे. शेजारच्या टेबलावरील लोकांनी वासाची तक्रार केली नाही, तर बहुधा तुम्ही ते घालायला विसरला आहात.

एकप्रत जोडणी तयार होण्यास महिना जाईल, तोवर हातातील प्लास्मिड वापरून एक प्रयोग याच आठवड्यात करता येईल. एमएसएन२ आणि एमएसएन४ दोन्ही काढून टाकलेला स्ट्रेन मिळवा, त्यात तेच प्लास्मिड घाला, आणि मूळ स्ट्रेनसोबत, दोन्ही रात्रभर लॉग फेजमध्ये ठेवून, मिठाविना मोजा. दुहेरी उत्परिवर्तकातील आकडा मूळ स्ट्रेनच्या तुलनेत फारच खाली गेला, तर तुमच्या पायाभूत आकड्यात अजूनही ताणाचाच हिस्सा आहे आणि कल्चर वाढवण्याची पद्धत आणखी सुधारावी लागेल. दोन्ही आकडे सारखेच राहिले, तर तो हिस्सा प्लास्मिडमधून येतो आहे. तेव्हा प्रमोटर नसलेले लॅकझेड त्याच प्लास्मिडवर घालून पाहा आणि जोडणीच्या वरच्या बाजूला एक टर्मिनेटर (प्रतिलेखन थांबवणारा क्रम) बसवा.